मुंबई-पुणे-मुंबई बघू की नको? उलटसुलट मतं वाचून ठरवायचं कसं

2010 चा पिक्चर, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, दिग्दर्शन सतीश राजवाडे, आणि लोक अजून भांडतात, एक म्हणतो "नुसती बडबड आहे राव", दुसरी म्हणते "कधीही लावा, बसते बघायला". तर आधी रेटिंगचे स्टार बघूच नका, तक्रार नेमकी कशाची आहे ते बघा. "काही घडतच नाही" हे खरंच आहे, मुंबईची मुलगी पुण्यात स्थळ नाकारायला येते, एक अनोळखी पोरगा भेटतो आणि दोघं दिवसभर शहरात फिरत वाद घालतात, बस. गप्पांचा पिक्चर आवडत असेल तर ही तक्रारच शिफारस समजा.

मग सांगणारा कुठला ते विचारा, हे फार महत्त्वाचंय, कारण बरेचसे विनोद मुंबई विरुद्ध पुणे असेच आहेत, सदाशिव पेठेतला आणि दादरचा माणूस वेगवेगळ्या जागी हसणार (नागपूरकर दोघांवरही).

"शेवट आधीच कळला" वाल्यांकडे मी तरी लक्ष देत नाही, रोमँटिक कॉमेडीच ती, कळणारच की! फक्त त्यांचं पुढचं वाक्य वाचू नका, ट्विस्ट फोडतात मेले.

आणि मत कुठल्या भागाबद्दल आहे तेही बघून घ्या, 2015 च्या दुसऱ्या भागात लग्न, घरचे असा सगळा गोतावळा येतो, मूड वेगळाच. एवढं करूनही ठरेना तर पहिली वीस मिनिटं लावा, टोमणेबाजी नाही रुचली तर सरळ बंद करा.