नळाला जड पाणी येतंय? आधी मोजा, मग थर काढा

स्टीलच्या भांड्यांवर पांढरट ठिपके, बादलीच्या कडेला खरखरीत पुट, शॉवरच्या निम्म्या भोकांतून वाकडीतिकडी येणारी धार, फेस न धरणारा साबण आणि धुऊनही कडक राहणारे टॉवेल. ही लक्षणं एकत्र दिसली की पाणी जड आहे हे जवळजवळ नक्कीच. अशा वेळी बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो एखादं महागडं यंत्र बसवण्याचा. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तो विचार सगळ्यात शेवटी करा. जड पाणी घरात मुख्यतः दोन ठिकाणी नुकसान करतं: जिथे ते तापतं तिथे आणि जिथे ते वाळतं तिथे. एवढ्या दोन जागा सांभाळल्या तर बराचसा त्रास कमी होतो.

पाणी चुनखडीतून किंवा इतर खडकांतून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतं, हाच पाण्याचा जडपणा. त्यातला बायकार्बोनेटच्या रूपातला भाग पाणी तापलं की टिकत नाही. कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूतलाच पदार्थ, तळाशी नि कॉइलवर बसतं. सल्फेट आणि क्लोराइडच्या रूपातला भाग मात्र उकळूनही जात नाही. म्हणून ‘पाणी उकळून घ्या, जडपणा जाईल’ हा सल्ला अर्धाच खरा.

पहिली पायरी: मोजा

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर साध्या अंगाच्या साबणाचा थोडा कीस डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून घ्या. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी भरा, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर, दोन्ही एक तृतीयांश. प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे दहा-दहा थेंब टाकून झाकण लावा आणि जोरात हलवा. डिस्टिल्ड वॉटरवर दाट, टिकणारा फेस येईल. नळाचं पाणी जड असेल तर फेस जेमतेम येऊन विरेल, पाणी दुधट होईल आणि वर पांढरट साका तरंगेल. या चाचणीला भांड्यांचा लिक्विड किंवा कपड्यांची पावडर चालत नाही, कारण डिटर्जंट जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसाळतं.

आकडा हवा असेल तर थेंब मोजण्याचं किट आणा. पाण्यात रंगद्रव्य टाकलं की ते लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंबाथेंबाने टाकत जायचं. रंग निळा झाला की थांबायचं आणि किटवर दिल्याप्रमाणे थेंबांवरून आकडा काढायचा. उत्तर दर लिटरला किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असं येतं, त्यालाच पीपीएम म्हणतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या वर्गवारीनुसार ६० पर्यंत मऊ, ६१ ते १२० मध्यम, १२१ ते १८० जड आणि १८० च्या वर फार जड.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. टीडीएस मीटर जडपणा मोजत नाही. तो पाण्यातले सगळे विद्राव्य क्षार एकत्र धरून अंदाज देतो, त्यात साधं मीठही आलं. विक्रेत्याने टीडीएसचा आकडा दाखवून सॉफ्टनर, म्हणजे जडपणा काढणारं यंत्र, घ्यायला सांगितलं, तर जडपणाचा वेगळा आकडा मागा.

उपनगरांत एकाच नळाला कधी जलाशयाचं, कधी बोअरवेलचं, तर कधी टँकरचं पाणी येतं. त्यामुळे एकदाच मोजून थांबू नका. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगवेगळं मोजा.

दुसरी पायरी: बसलेला थर काढा

थर अल्कधर्मी असतो, त्यामुळे सौम्य आम्ल पुरतं: पांढरा व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, ज्याला लिंबूसत्त्व म्हणून ओळखतात.

शॉवरचं डोकं सोडवता येत असेल तर सोडवा. नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ती शॉवरवर रबरबँडने घट्ट बांधा, भोकं बुडली पाहिजेत. बारीक बुडबुडे दिसू लागतील, तो थर विरघळत असल्याचा कार्बन डायऑक्साइड. अर्ध्या तासाने पिशवी काढा, जुन्या टूथब्रशने भोकं घासा, रबरी टोकं असतील तर अंगठ्याने चोळा आणि गरम पाणी सोडून धुवा. थर जुना असेल तर हेच पुन्हा करा, पण रात्रभर बुडवून ठेवू नका. क्रोमचा मुलामा त्याने खराब होतो. नळाच्या तोंडाची जाळी पिळून निघते. तीही अशीच भिजवा. नळाची धार बारीक होण्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

केटलसाठी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड टाका, पाणी कोमट करा आणि वीस मिनिटं थांबा. उकळू नका. जास्त तापमानाला कॅल्शियम सायट्रेटचा साका बसतो आणि नवाच थर तयार होतो. नंतर दोन-तीनदा साधं पाणी भरून ओता.

दोन इशारे मात्र पक्के लक्षात ठेवा. व्हिनेगर असो, सायट्रिक ॲसिड असो वा टॉयलेट क्लीनर, कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आणि संगमरवर किंवा चुनखडीच्या फरशीवर, ओट्यावर आम्ल टाकू नका, कारण तो दगड आणि तुमचा थर एकाच पदार्थाचे आहेत.

तिसरी पायरी: नवा थर बसू देऊ नका

वाळणाऱ्या पाण्यावर उपाय सोपा आहे: वाळूच देऊ नका. अंघोळ झाली की काच आणि टाइल्सवरून वायपर फिरवा, नळ कोरड्या फडक्याने पुसा. यंत्रापेक्षा ही सवय जास्त काम करते.

साठवणीच्या गीझरचं तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून वर नेलं तर थर झपाट्याने वाढतो. फार खाली आणणंही बरं नाही, लिजिओनेला हे जिवाणू २० ते ४५ अंशांत वाढतात. गीझर तापताना खडखडायला लागला तर तळाशी क्षार साचले आहेत असं समजा. वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून टाकी साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची ॲनोड कांडी बघायला सांगा. टाकीऐवजी गंजून ती टाकी वाचवते, म्हणून झिजली की बदलावी लागते.

वॉशिंग मशिनमध्ये पावडरचं प्रमाण पाकिटावरच्या जड पाण्याच्या रकान्याप्रमाणे घ्या. पावडरमध्ये सहसा कॅल्शियम बांधून ठेवणारे घटक लिक्विडपेक्षा जास्त असतात, त्यामुळे जड पाण्याला पावडर बरी.

कडधान्यं शिजत नसतील तर भिजवायला आणि शिजवायला आरओचं पाणी वापरा. कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं.

चौथी पायरी: तब्येतीची काळजी करताना

पिण्याबाबत घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून जडपणाची कमाल मर्यादा ठरवलेली नाही. केस राठ आणि त्वचा कोरडी वाटते हे खरं, कारण साबणाचा साका अंगावर राहतो. साबणाऐवजी सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली सौम्य डिटर्जंटची अंगाची वडी, वापरून बघा. पण इसबावर उपाय म्हणून सॉफ्टनर घ्यायचा असेल तर थांबा. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सॉफ्टनरमुळे इसब नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाला नाही.

पाचवी पायरी: तरीही यंत्र घ्यायचं असेल तर

जडपणा खरोखर काढतात त्या दोनच गोष्टी घरात बसतात. आरओ पिण्यापुरता. त्याच्या वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार आणखी दाट असतात, ते फ्लशला वापरा, काच पुसायला नाही. आणि मिठावर चालणारा आयन एक्स्चेंज सॉफ्टनर. पाइपवर बांधायची चुंबकं जडपणा कमी करत नाहीत, थर कमी बसतो या दाव्याचे पुरावेही एकसारखे नाहीत. कार्बनचे शॉवर फिल्टर क्लोरीन काढतात, कॅल्शियम नाही. तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही.

सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो. दर १०० मिलिग्रॅम जडपणामागे लिटरला ४६ मिलिग्रॅम. म्हणजे ४०० चा जडपणा काढला की लिटरमागे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढलं. मीठ कमी खायला सांगितलेल्या माणसाला आणि बाटलीच्या दुधावरच्या बाळाला हे पाणी देऊ नका. म्हणून सॉफ्टनर बसवतानाच प्लंबरला स्वयंपाकघराचा नळ आणि कुंड्यांना पाणी घालायचा नळ थेट जुन्या लाइनवर ठेवायला सांगा. झाडांनाही सोडियम मानवत नाही. टीडीएस मीटरवरचा आकडा सॉफ्टनरनंतर जवळपास तेवढाच राहील, त्यावरून यंत्र बिघडलं असं समजू नका. ते चालतंय की नाही हे थेंबांच्या किटनेच कळेल.