मका काढलाय? मार्केटला न्यायच्या आधी हे करून बघा

खरिपाच्या मक्याचं गणित पेरणीत कमी आणि काढणीनंतरच जास्त बिघडतं. नाशिक, जळगाव, संभाजीनगरकडे मका तयार होतो तेव्हाच परतीचा पाऊस येतो, बिट्या (कणसं) भिजतात, आणि मग घाबरून सगळेच एकदम ट्रॅक्टर भरून निघतात, भाव पडणारच ना.

आधी दाणा बघा. बिटीतून दाणा उचकटला की बुडाशी काळा थर दिसला म्हणजे मका पक्व झाला. पक्व झाला म्हणजे वाळला असं नाही हं, तेव्हाही आत भरपूर पाणी असतं. पावसाचा अंदाज असेल तर बिट्या तोडून घ्या, पण ओल्या बिट्यांचा ढीग ताडपत्रीखाली दोन-तीन दिवस तसाच ठेवू नका, आत गरम होतं आणि बुरशी धरते. पाऊस थांबला की लगेच उघडा, पातळ पसरा. बुरशीने काळा पडलेला दाणा चांगल्यात मिसळायचा मोह आवरा, पोल्ट्री फीडवाले अफलाटॉक्सिनमुळे (बुरशीच्या विषामुळे) अख्खी गाडी परत पाठवतात.

आता मेन गोष्ट, ओलावा. हमीभावाच्या खरेदीला १४ टक्क्यांपर्यंतच चालतो. मीटर नसेल तर मीठ तव्यावर गरम करून कोरडं करा, थंड झाल्यावर कोरड्या काचेच्या बाटलीत मीठ आणि मूठभर मका टाकून चांगलं हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ च्या वर आहे, अजून ऊन द्या. अंदाजच आहे हा, पण दाताने दाणा फोडून बघण्यापेक्षा बरा.

वाळवायचं की ओलाच विकायचा हे मात्र हिशोब करूनच ठरवा. २० टक्के ओलाव्याचा १ क्विंटल मका १४ वर आणला की ९३ किलोच राहतो. समजा ओल्याला १७०० मिळतायत, तर वाळलेल्याला साधारण १८३० च्या वर भाव आणि त्यावर वाळवणाची मजुरी सुटली तरच फायदा. व्यापारी ओलाव्याची कट्टी (कपात) किती लावतो ते आधी विचारा, काही ठिकाणी ती या घटीपेक्षा खूप जास्त असते, तिथे वाळवणंच परवडतं.

भाव कुठून हलतो तेही बघत जा. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधनं आली, मग इथेनॉलसाठी मक्याला मागणी वाढली, भाव चढले, सगळ्यांनी मका लावला. पुढे सरकारने इथेनॉलसाठी एफसीआयचा (भारतीय अन्न महामंडळाचा) तांदूळ २२५० रुपये क्विंटलने दिला, आणि २०२५ च्या खरिपात हमीभाव २४०० असूनही बऱ्याच मार्केटात मका त्याच्या खालीच विकला गेला. आपल्या बांधावर काही न बदलता भाव असा फिरतो, म्हणून माझ्या मते सगळा माल एकाच दिवशी विकू नये. देणी भागतील एवढा विका, बाकीचा ठेवा.

ठेवायचा तर शेतमाल तारण योजना बघा. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून ६ टक्के व्याजाने १८० दिवसांपर्यंत कर्ज मिळतं. सगळ्याच समित्या ती राबवत नाहीत, आधी चौकशी करा, आणि माल कोरडाच न्या. घरी ठेवलात तर सोंड्यांसाठी (दाणे पोखरणाऱ्या किड्यांसाठी) धुरीच्या गोळ्या राहत्या घरात अजिबात वापरू नका, तो वायू माणसाचाही जीव घेतो.

हमीभावाची नोंदणी करायची तर ई-पीक पाहणी (मोबाइल अॅपवरची पिकाची नोंद) झालेली हवी, ती राहिली की तिथे अडकतं. आणि विम्याच्या भरवशावर फार राहू नका, २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, धरली जातेय, त्यामुळे खळ्यावर भिजलेल्या मक्याचा फोटो पाठवला की काम झालं असं आता नाही.

मार्केटला गेलात की वजन स्वतः बघा, हिशोबपट्टी घ्या, त्यात हमाली-तोलाई किती कापली ते तिथेच वाचा. घरी आल्यावर वाचली तर भांडायला कोणी सापडत नाही.