म्हाताऱ्या बैलांच्या आखाड्यावर राहायला जाताना

पिशवी नंतर भरा, आधी महिना ठरवा. मराठवाड्यात आखाड्यावर, म्हणजे थकलेली जनावरं सांभाळणाऱ्याच्या रानातल्या वस्तीवर, राहायचं तर मार्गशीर्ष-पौष सगळ्यात सोयीचा. ज्वारी हुरड्याला आलेली असते, रस्ते कोरडे असतात आणि दुपारच्या उन्हात बसवतं. लातूर-धाराशिवकडे याच दिवसांत वेळा अमावस्या येते. सगळं गाव रानात जेवायला असतं, आंबील आणि भज्जीचा बेत असतो आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय पुढं जाऊ देत नाहीत. फक्त त्या दिवशी शांतता मिळेल अशी आशा धरू नका. या महिन्यांत जायचं तर जाड पांघरूण घ्या, कारण रात्री गारठा खरा असतो. थंडीच्या लाटेत परभणीचा पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे, आणि आखाड्यावरच्या पत्र्याच्या खोलीत तर तो अंगावरच उतरतो.

मे महिन्यात जाऊ नका असं म्हणणार नाही, पण ४२-४३ अंशांत सकाळी नऊनंतर जनावरं लिंबाखालून हलत नाहीत, माणसांनीही हलू नये. पावसाळ्यात जाणार असाल तर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवायची. पाणंदीतली काळी माती एकदा भिजली की चप्पल तिथंच रुतते, पाय तेवढा वर येतो. गमबूट घ्या, नाहीतर सरळ अनवाणी चाला.

आता अशा आखाड्यावर कोणती जनावरं भेटतात ते आधी माहीत असावं, म्हणजे अपेक्षा जाग्यावर राहतात. मराठवाड्यात ज्या ठिकाणी 'वाचवलेली जनावरं' असतात तिथं बहुतेक काम करून थकलेली जनावरं असतात. ट्रॅक्टर आले तसे बैल रिकामे झाले. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही. त्यात दुष्काळाची वर्षं, चारा छावण्या उठल्यावर वैरण कुठून आणायची हा प्रश्न. मग कुणी दावं सोडून देतं, कुणी अशा आखाड्यावर आणून बांधतं. (या कायद्यावर यजमानाचं मत एक असेल, शेजारच्या शेतकऱ्याचं नेमकं उलटं. दोघंही तावातावानं बोलतात. पाहुण्यानं ऐकून घ्यावं.) बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात शब्बीर सय्यद यांनी अशी गुरं वर्षानुवर्षं सांभाळली, त्यासाठी २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाकीचे असे सांभाळणारे गावोगाव आहेत, त्यांची नावं तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नसतात.

म्हणून तिथं कंधार भागातली लाल कंधारी गाय भेटेल, पण ती एका डोळ्यानं आंधळी असेल. देवणी बैल भेटेल, काळ्या तोंडाचा वानेरा किंवा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा शेवरा, पण गुडघ्यात वाकलेला. ऊसतोडीच्या गाडीला जुंपलेला बैल असेल तर त्याच्या मानेवर जू बसायची जागा बघा. खांदा येऊन येऊन तिथली कातडी जुन्या चपलेच्या तळव्यासारखी झालेली असते, केस नसतात, आणि मधेच एखादी गुलाबी चीर असते ती अजून दुखते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला तिथं हळद आणि लोणी चोळतात. जायचा योग आला तर तोही दिवस चांगला. वीटभट्टीवरून सुटलेली गाढवं, तीन पायांवर पळणारं कुत्रं आणि कुणाचा तरी नवस फेडायचा राहून गेलेला बोकड, असा एकूण संसार.

खोली ठरवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात आणि संकोच करू नये. जनावरांचा डॉक्टर कोण, किती दिवसांनी येतो? पाहुण्यांना गाढवावर, घोड्यावर बसवता का? दरवर्षी पिल्लं दिसतात का? पहिल्याला उत्तर पटकन यावं, पुढच्या दोन्हींना नाही म्हणावं. पिंजऱ्यात पोपट, दोरीला माकड किंवा अंगणात हरणाचं पाडस असेल तर ते ठिकाण सोडा. जखमी वन्यप्राणी वनविभागाच्या ताब्यात द्यायचा असतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो पाळणं गुन्हा आहे, मग मालक कितीही प्रेमळ असो.

कपड्यांचं थोडक्यात. जुने, सुती, पूर्ण बाह्यांचे. जाळीचे स्पोर्ट्स बूट घालून गवतात गेलात तर कुसळं मोज्यांत घुसतात आणि संध्याकाळभर उपसत बसावं लागतं. जाड तळव्याचे साधे बूट बरे, कारण सराटे आणि वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार येतो. डोक्याला उपरणं किंवा टोपी. ओढणी आणि बुटाच्या नाड्या शेळ्यांना प्रिय असतात. उस्मानाबादी शेळी दिसायला देखणी, पण खिशातून डोकावणारा कागद ती तिकीट आहे की बिल हे बघत नाही. बांगड्यांचा किणकिणाट आणि उग्र सेंट घरी. छत्री घेतली तर गोठ्याजवळ उघडू नका. फाटकन उघडलेल्या छत्रीनं शांतातला शांत बैल बुजतो आणि दाव्यासकट खुंटा उपटतो. ड्रोन आणि स्पीकर यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

बॅटरी मात्र प्रत्येकाची स्वतंत्र हवी, मोबाईलच्या उजेडावर भागवू नका. शेतातली लाईट कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला असते. पॉवर बँक, पाण्याची बाटली, ओआरएसची पाकिटं, डासांचं मलम, नेहमीची औषधं, आणि रोख पैसे, कारण रेंज नसली की स्कॅनरवर पैसे जात नाहीत आणि एटीएम तालुक्याला. तुमचं पाळीव कुत्रं आणू नका. तिथल्या कुत्र्यांचा इतिहास कुणालाच पूर्ण माहीत नसतो.

पाण्याचं सांगायलाच हवं. हा तोच मुलूख आहे जिथं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात एक मोठं जनावर दिवसाला ५०-६० लिटर पाणी सहज पितं. बोअर आटत आला की पाहुण्यांची आंघोळ आणि बैलांचं पाणी एकाच टाकीतून निघतं. एक बादली घ्या, शॉवर विचारू नका, आणि हौदाच्या पाण्यात साबणाचे हात घालू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो खाऊ नेण्यावरून. शहरातून येणारी माणसं प्रेमानं पिशवीभर पोळ्या, ब्रेड, बिस्किटं, लग्नातला उरलेला भात घेऊन येतात. गाईच्या पोटाचे चार कप्पे कडबा आणि गवत मुरवण्यासाठी आहेत. भात, पोळी, पीठ असा पिठूळ माल एकदम गेला की पहिल्या कप्प्यात तो झपाट्यानं आंबतो, आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि जनावर बसतं ते उठत नाही. कार्यालयाबाहेर टाकलेलं अन्न खाऊन गाई मरतात त्यामागे हेच असतं. नैवेद्याची एक भाकर चालते, तीही मालकाला विचारून. पिशवी तर गाईच्या नजरेला पडूच देऊ नका, खरकट्याचा वास लागलेलं प्लास्टिक ती सगळं गिळते. कुत्र्यांना चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा यांतलं काही देऊ नये.

आणखी एक, हे शहरी माणसाला माहीत नसतं. बांधावरची हिरवी कोवळी ज्वारी उपटून प्रेमानं गाईपुढे धरू नका. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत आणि पाण्याअभावी खुरटलेल्या ताटांत, असं द्रव्य असतं की पोटात त्याचं हायड्रोसायनिक आम्ल होतं. त्याला किराळ लागणं म्हणतात. जनावर धापा टाकतं, थरथरतं आणि डॉक्टर येईपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. तीच ज्वारी पोटरीतून निसवून पिकली, वाळली, की तिचा कडबा हे इथल्या जनावराचं रोजचं जेवण. चारायची हौस असेल तर संध्याकाळी कुट्टी टाकायच्या वेळी गव्हाणीपाशी जा, यजमान घमेलं हातात देतील. पसरून टाका, एका जागी ढीग करू नका, नाहीतर दांडगं जनावर सगळं खातं आणि म्हातारं बघत राहतं.

जवळ कसं जायचं याची तयारी घरीच करावी, मुलांकडून तर दोनदा वदवून घ्यावी. मागून जायचं नाही. आंधळ्या बाजूनं जायचं नाही. आधी आवाज द्यायचा, मग खांद्याच्या रेषेत, थोडं बाजूला उभं राहायचं. कपाळावर एकदम हात नेला की बैल शिंग हलवतो. मारण्यासाठी नव्हे, माशी हाकलल्यासारखा, पण तुमच्या बरगडीला तेवढंही पुरतं. मान खाजवायची तर गळ्याखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, तिथं बहुतेकांना आवडतं. माझ्या ओळखीच्या आखाड्यावर एक आबा आहेत, पाहुणा घाई करू लागला की ते बाजेवरूनच म्हणतात, "तुमी जाऊ नगा, त्याला यिऊ द्या." आणि तो येतो. अर्धा तास लागतो, कधी येतच नाही. ज्यानं आयुष्यभर माणसाच्या हातात चाबूक बघितला त्याला तुमच्या हाताची खात्री पटायला वेळ हवा, आणि न पटण्याचा हक्कही त्याला आहे. फोटोसाठी त्याला ओढून आणायला सांगणारे पाहुणे मला आवडत नाहीत. व्यालेली कुत्री, वासराजवळची गाय आणि गाढवाची मागची बाजू, या तिन्हींपासून लांब.

तरीही कुणी चावलं, ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लसीसाठी जायचं. कुत्रं ओळखीचं आहे, मायाळू आहे, म्हणून टाळायचं नाही. जायच्या आधी धनुर्वाताची लस घेतली आहे ना हे बघा. साप रानात असणारच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही इथले. कडब्याच्या बणमीवर फोटोसाठी चढू नका, तिच्या खालच्या पेंढ्यांत हात घालू नका, आणि अंधारात उठलात तर आधी बॅटरी, मग पाय. दंश झाला तर बांधाबांध, चिरणं, मांत्रिक यांत वेळ न घालवता १०८ ला फोन लावून हात-पाय न हलवता न्यायचं. जनावराचं काही झालं तर पशुसंवर्धन विभागाचा क्रमांक १९६२ आहे.

जेवण घरचंच असेल. भाकर, पिठलं, ठेचा, धपाटे. ज्याला शेंगदाणा चालत नाही त्यानं आधीच आणि स्पष्ट सांगावं. इथं कूट नसलेली भाजी शोधावी लागते. दूध तापवूनच प्या, धारोष्ण दुधाची हौस सोडा, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. खरवसाची मागणी तर अजिबात नको, बहुतेक गाई भाकड आहेत.

काही न्यायचंच असेल तर फोनवर विचारा काय संपलंय. बहुधा उत्तर येतं क्षार मिश्रण, चाटण विटा, जुनी बारदानं. थंडीत म्हाताऱ्या जनावराच्या पाठीवर बारदान शिवून झूल घालतात, आणि बारदानं शहरातल्या किराणा दुकानांत पडून असतात. पैसे द्यायचे तर कडब्यासाठी द्या. कडबा शेकड्यानं विकला जातो, सुगीत स्वस्त, उन्हाळ्यात दुप्पट महाग. त्यामुळं माघ-फाल्गुनात दिलेले पैसे वैशाखात दिलेल्यांपेक्षा जास्त पोटं भरतात.

परतताना कानांमागे, काखेत, पोटऱ्यांवर गोचीड चिकटलेत का ते बघा. आणि ज्यांच्या स्वतःच्या घरी गाई-म्हशी, शेळ्या आहेत त्यांनी बूट आणि गाडीची चाकं वाटेतच स्वच्छ धुवावीत, कपडे बदलावेत, मग गोठ्यात पाऊल टाकावं. लाळ्या-खुरकूत माणसाला सहसा होत नाही, पण त्याच्या बुटावरून गावोगाव जाते.