वॉर्डची खोली आधी खडूने आखा, मग भिंत बांधा

नाशिकचा गंगापूर रोड असो की मुंबई नाका, नव्या हॉस्पिटलचा नकाशा डॉक्टर आणि आर्किटेक्ट मिळून ठरवतात. तिथे दिवसरात्र राबणाऱ्या सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय यांना खोली दिसते ती थेट उद्घाटनाला. तोवर ऑक्सिजनची लाइन भिंतीत गेलेली असते.

त्यांना नकाशा दाखवून मत विचारू नका, सगळे ‘छान आहे’ म्हणतात. स्लॅब झाला की एक खोली जमिनीवर खडूने खऱ्या मापात आखा. खरी कॉट (साधारण 7 बाय 3 फूट), लॉकर, सलाइन स्टँड, स्ट्रेचर आणा. बेसिन पुठ्ठ्याचं चालेल. मग कामं करून बघायला सांगा: पेशंट स्ट्रेचरवर घेणं, चादर बदलणं, बेडपॅन देणं, सीपीआर (हृदय थांबल्यास छाती दाबणं), लादी पुसणं. तिन्ही शिफ्टची माणसं बोलवा. रात्रपाळीच्या सिस्टरचं विशेष ऐका. तिला मंद उजेडात, अपुऱ्या मदतीनिशी हेच सगळं करायचं असतं. मोठ्या डॉक्टरांनी तेवढा वेळ बाहेर थांबावं, त्यांच्यासमोर मावशी तोंड उघडत नाहीत.

कॉटच्या दोन्ही बाजूंना 3 फूट आणि पायथ्याशी 4 फूट मोकळे लागतात. दार उघडल्यावर 4 फूट वाट मिळावी, म्हणजे कॉट पेशंटसकट बाहेर निघते. पंखा कॉटच्या बरोबर वर घेतला तर उंच केलेला सलाइन स्टँड पात्याला लागू शकतो. पंखा पायथ्याकडे सरकवा.

सर्वांत जास्त चुकतं ते नातेवाइकाच्या जागेचं. सुरगाणा, पेठ, कळवणहून आलेल्या पेशंटसोबत कुणीतरी मुक्कामी असतंच. त्याला जागा दिली नाही, तर चटई पडते कॉट आणि भिंतीच्या मध्ये, म्हणजे सिस्टर जिथे उभी राहून इंजेक्शन देते नेमकी तिथे. खिडकीखाली 6 बाय 2 फुटांचा बाक धरा. त्याच्याजवळच मोबाइल चार्जिंगचा वेगळा सॉकेट द्या. नाहीतर चार्जरसाठी सिरिंज पंपाचा (ठरल्या वेगाने औषध देणाऱ्या यंत्राचा) प्लग उपटला जातो आणि पंपाची बॅटरी संपत येईपर्यंत अनेकदा कुणाच्या लक्षात येत नाही. कॉटच्या डोक्याशी निदान 6 सॉकेट हवेत: मॉनिटर, पंप, एअर मॅट्रेस, नेब्युलायझर, शिवाय दोन जादा.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारंच हवं. पेशंट आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. उंबरा नको, कमोडशेजारी आधाराची दांडी हवी, आणि बेलची दोरी जमिनीवर पडलेल्याच्या हाताला लागेल इतकी खाली सोडा. हात धुण्याचं बेसिन खोलीच्या दाराजवळ, कोपराने चालणाऱ्या नळाचं. हँडरबची (पाण्याविना हात निर्जंतुक करायच्या द्रवाची) बाटली मात्र कॉटच्या पायथ्याशीच. चार पावलं लांब गेली की घाईत ती वापरली जात नाही.

ठरलेले बदल नकाशावर चढवून त्यावर हेडसिस्टरची सही घ्या. त्याबरहुकूम एकच खोली पूर्ण करा, दिवे मालवून तिथे तीच कामं पुन्हा करून बघा, आणि बाकीच्या खोल्यांची गॅसलाइन व वायरिंग त्यानंतरच सुरू करा.