मुलांना ओलीस धरलं तर: शाळेची तयारी

पोलीस आले की पहिले प्रश्न ठरलेले: आत किती जण, कुठल्या खोलीत, दार कुठल्या बाजूला उघडतं? याची उत्तरं मुख्याध्यापकांच्या कपाटात असतील तर काही उपयोग नाही. कपाटही आतच अडकलेलं असतं. म्हणून मजल्यांचे नकाशे, तुकडीवार पट, पालकांचे फोन आणि दमा, फिट्स, मधुमेह असलेल्या मुलांची यादी यांची एक प्रत पोलीस ठाण्यात, दुसरी शाळेबाहेर राहणाऱ्या पदाधिकाऱ्याकडे ठेवा. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर ती बदला. नकाशावर स्वच्छतागृहाच्या खिडक्या, गच्चीचा जिना, ग्रिल, मेन स्विच दाखवा. पवईत ३० ऑक्टोबर २०२५ रोजी स्टुडिओत कोंडलेल्या मुलांपर्यंत पोलीस स्वच्छतागृहाच्याच वाटेनं पोचले.

तिथं मुलांना कोंडणारा आणि एप्रिल २०२३मध्ये पश्चिम बंगालमधल्या मालद्यात पिस्तूल घेऊन वर्गात शिरलेला, दोघंही तक्रार घेऊन आले होते. बिल थकलेला कंत्राटदार, मुलाच्या ताब्यावरून भांडणारे पालक, काढून टाकलेला कर्मचारी यांना फाटकाजवळच्या खोलीत शाळेतल्या दोघांनी मिळून भेटावं. वर्गाकडे कुणालाही सोडू नये. धमकी आली तर लेखी नोंद करून त्याच दिवशी ठाण्याला कळवा.

सकाळी वर्ग उघडल्यावर कुलूप कडीला लटकत ठेवायची सवय मोडा. त्याच कुलुपानं मुलं बाहेरून कोंडता येतात. आतली कडी मात्र घट्ट बसायला हवी. इशाऱ्यासाठी आगीची घंटा वापरू नका, मुलं व्हरांड्यात धावतात. 'दार लावा, आतच थांबा' असं स्पीकरवरून साध्या शब्दांत सांगा. ज्याच्या हाती फोन असेल त्यानं ११२ लावावा, परवानगीची वाट पाहू नये.

ओलीस असलेल्या वर्गात शिक्षकांनी वाद घालू नये, झडप घालू नये. पाणी, औषध, लघवीसाठी एका वेळी एकच मागणी, हळू आवाजात. सुरुवातीचा अर्धा-पाऊण तास सर्वांत नाजूक. पोलीस शिरले की जमिनीवर पालथं पडायचं, हात रिकामे दिसू द्यायचे, त्यांच्याकडे धावायचं नाही. बाहेरच्यांनी वाटाघाटी पोलिसांवर सोडाव्यात. 'सगळं मान्य' असं कुणी परस्पर ओरडू नये.

पालकांना फाटकावर नव्हे, आधीच ठरवलेल्या मंगल कार्यालयात बोलवा, व्हॉट्सअॅपवर आतली दृश्यं टाकू देऊ नका. सुटलेलं मूल ओळख पटवून, सही घेऊनच सोपवा.