जुन्या ओमेगा सीमास्टरचं मशीन मूळचंच आहे का?

१९६०च्या दशकातलं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं) सीमास्टर घड्याळ घेताना डायलवर भाळू नका. डायल रंगवता येते, आणि मुंबईत अशा इतक्या रंगवल्या गेल्या की परदेशातले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मशीन मात्र खोटं सहसा बोलत नाही.

झाकण उघडण्याआधी चावी (बाजूचं फिरवायचं बटण) ओढून बघा. ओमेगा आपल्या मशीनांना नंबर देते; त्यातल्या ५६५ मशीनमध्ये ती शेवटच्या खाचेपर्यंत ओढली की तारीख लगेच पुढे सरकते. ५६२ला ही सोय नाही, काटे फिरवूनच तारीख बदलावी लागते. डायलवर तारखेची खिडकीच नाही आणि तरी चावीला ही जादा खाच लागते, तर तिथेच थांबा.

मग मागचं झाकण उघडा. आतल्या बाजूला केसचा (घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाचा) नंबर कोरलेला असतो. १६५ने सुरू होणारा म्हणजे बिनतारखेचं ऑटोमॅटिक, १६६ म्हणजे तारखेचं, १६८ म्हणजे तारखेचं क्रोनोमीटर (अचूकतेची चाचणी पास झालेलं). १६५.००२मध्ये ५५२ मशीन हवं, १६६.०१०मध्ये ५६२ किंवा ५६५. या तिन्हींवर २४ ज्वेल्स (घर्षण कमी करणारे छोटे खडे) असं कोरलेलं असतं. १७ दिसले तर ते ५५० किंवा अमेरिकेच्या बाजारासाठीचं ५६० असण्याची शक्यता जास्त. क्रोनोमीटरवर ‘पाच पोझिशन आणि तापमानात अ‍ॅडजस्टेड’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर नसेल, तर डायलवरच्या ‘क्रोनोमीटर’ला अर्थ नाही.

रोटर (मशीनवर फिरणारं अर्धगोल वजन) हळूच फिरवून दहापट भिंगातून आठ आकडी सीरियल नंबर वाचा. १९६३ ते १९६८ची मशीनं साधारण २ कोटी ते २ कोटी ६० लाखांत बसतात. वर्षभराची तफावत चालते, कारण मशीन बनल्यावर लगेच केसमध्ये बसायचंच असं नाही.

खरी चोरी पकडली जाते ती बसवणीत. मशीनभोवती प्लॅस्टिकची रिंग, डायलखाली दुहेरी चिकटपट्टी (डायलच्या मागचे तिला मशीनला धरून ठेवणारे पाय दुसऱ्या जागी म्हणून कापलेले), चावीची दांडी नळीच्या मध्यातून न जाता एका बाजूला घासणारी, तारीख खिडकीत तिरकी: यातलं एक जरी दिसलं तरी मशीन दुसऱ्या घड्याळातून आलंय असं धरून भाव करा. तांबूस मशीनमध्ये एखादाच पूल (चाकांना वरून धरणारी धातूची पट्टी) पांढरट किंवा वेगळ्या छटेचा असेल तर तो दुसऱ्या मशीनचा.

एक मर्यादा आहेच. त्या काळी सीरियल नंबर मशीनवर असायचा, केसवर नाही. त्यामुळे एका १६६.०१०मधलं ५६५ काढून दुसऱ्या १६६.०१०मध्ये बसवलं असेल, तर या तपासणीत ते सापडणार नाही.