चुकलेल्या उत्तरापाशी थांबायला शिकताना

शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्षी आदर्शवाद, निसर्गवाद, वास्तववाद, कार्यवाद असे शिक्षणाच्या तत्त्वज्ञानातले सगळे वाद मी तोंडपाठ केले होते. प्रत्येकाची ध्येयं, अभ्यासक्रम, शिस्त, शिक्षकाचं स्थान हे ठरावीक मुद्दे लिहिले आणि गुणही चांगले पडले. वर्गावर उभी राहिले तेव्हा मात्र यातलं काहीच हाताशी आलं नाही. मला जसं शिकवलं गेलं होतं तसंच मी शिकवू लागले. या पेशात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण तत्त्वज्ञान आणि वर्ग यांचा सांधा कुठे असतो हे मला फार उशिरा कळलं. मूल चुकतं, तिथे तो असतो.

दशांश अपूर्णांकांचा पाठ होता. फळ्यावर ०.३५ आणि ०.७ लिहून मोठी संख्या कोणती, असं विचारलं. एक मुलगी पटकन उठली आणि म्हणाली, "०.३५." मी म्हटलं, "नाही. बस खाली. दुसरं कोण सांगेल?" दुसऱ्याने बरोबर सांगितलं. मी ०.७ च्या पुढे शून्य मांडलं, 'दशांश स्थळं सारखी करा, मग तुलना करा' हा नियम वह्यांत उतरवून दिला आणि पाठ वेळेत संपवला. पंधरा दिवसांनी चाचणीत ०.१२५ आणि ०.८ दिले, तेव्हा तिने आणि आणखी बऱ्याच जणांनी ०.१२५ लाच मोठं ठरवलं. नियम वहीत होता, डोक्यात नव्हता.

तो पाठ पाहायला मागे एक ज्येष्ठ शिक्षिका बसल्या होत्या. चाचणीचे पेपर घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "तिला ०.३५ मोठं का वाटलं असेल?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला जवळ बसवून विचारलं. ती सहज म्हणाली, "पस्तीस साताहून मोठे असतात ना, बाई?" पूर्ण संख्या शिकताना अंक जास्त ती संख्या मोठी, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं आणि ते दर वेळी खरं ठरलं होतं. तोच नियम तिने इथेही लावला. तिची चूक निष्काळजीपणाची नव्हती, विचाराची होती.

ज्ञानरचनावाद हा शब्द मला त्या दिवशी कळला. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये मुलांच्या तर्कशक्तीच्या चाचण्यांवर काम करत होता. काम होतं उत्तरं तपासण्याचं, पण त्याचं लक्ष मुलं चुकीच्या उत्तरापर्यंत कशी पोचतात याकडे गेलं. मूल म्हणजे कोरी पाटी नव्हे, ते आधीच्या समजुतींवर नवं रचत जातं, या विचाराची मुळं तिथे आहेत. हे एकदा मानलं की शिक्षकाचं वागणं बदलतंच. "नाही, बस खाली" तोंडातून निघत नाही, "कसं ठरवलंस?" निघतं.

मग मी शंभर घरांचे चौकोन काढून वाटले. एका चौकोनात ०.३५ रंगवा, दुसऱ्यात ०.७. ती मुलगी पस्तीस घरं रंगवून दुसऱ्या चौकोनावर अडली. दहा घरांच्या एका पट्टीवर बोट ठेवून बराच वेळ बसली आणि हळूच म्हणाली, "सात पट्ट्या म्हणजे सत्तर घरं झाली की." पुढे मला काही सांगावं लागलं नाही.

पण खरी ठेच त्यानंतर लागली. ज्या मुलाने पहिल्या दिवशी बरोबर उत्तर दिलं होतं, त्यालाही मी तेच विचारलं. तो म्हणाला, "पॉइंटनंतर अंक जास्त असले की संख्या लहान असते." म्हणजे ०.३५ आणि ०.२ दिले असते तर त्याने ०.२ ला मोठं म्हटलं असतं. मी दिलेल्या जोडीत त्याचा चुकीचा नियम योगायोगाने बरोबर उत्तर देत होता आणि मी त्याला शाबासकी देऊन मोकळी झाले होते. तेव्हापासून बरोबर उत्तरालाही मी "कसं काय?" विचारते, आणि फळ्यावर मांडायच्या जोड्या निवडायला पूर्वीपेक्षा बराच वेळ घेते.

आता एक सावधगिरी. नव्या शिक्षकांना ज्ञानरचनावाद आवडला की वर्तनवाद, म्हणजे सराव आणि ताबडतोब पडताळा यांतून शिकवण्याचा विचार, टाकाऊ वाटू लागतो. मलाही वाटला होता. या वादाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ मध्ये आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला बसला. त्याला दिसलं की कुणी थांबलंय, कुणी अडलंय आणि आपलं उत्तर बरोबर की चूक हे कुणालाच लगेच कळत नाही. त्यातून त्याचं अध्यापन यंत्र आलं: छोट्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला ताबडतोब पडताळा. पाढे, शुद्धलेखन, वाचनातला ओघ यांना हेच लागतं. पाढे पक्के नसलेल्या मुलाला अपूर्णांकाचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही. सरावाला 'घोकंपट्टी' म्हणून हिणवणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात घरी मदत न मिळणारी मुलं मागे पडतात, हे मी पाहिलंय आणि मला ते फार लागतं.

मारिया माँटेसरीने तिसरी वाट काढली. ती डॉक्टर. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत तिने पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. तिच्या साहित्यात एक लाकडी ठोकळा असतो, त्यात वेगवेगळ्या मापांचे दहा दट्टे आणि त्यांच्या मापाची दहा भोकं. एक दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक उरतो आणि कुठेच बसत नाही. चूक साहित्यच दाखवतं, बाईंनी तोंड उघडायची गरज नाही. माझे शंभर घरांचे चौकोन त्याच कुळातले, हे मला नंतर उमगलं.

तत्त्वज्ञान बाकांतही दिसतं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूईने १८९६ मध्ये शिकागोत प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली. मुलांसाठी बाकं शोधत तो दुकानोदुकानी हिंडला, तेव्हा एक दुकानदार म्हणाला की तुम्हाला मुलांनी काम करायची बाकं हवीत, आमच्याकडची सगळी ऐकायची आहेत. रिकाम्या वर्गात एकदा मागे उभं राहून पाहा. बाकांची मांडणी काय सांगते, ते चटकन दिसतं.

मात्र बाकं फिरवल्याने सगळं होत नाही. मी हौसेने चौघाचौघांचे गट केले. एका गटात एक हुशार मुलगी भराभरा सोडवत होती, तिघं तिच्या पेन्सिलीकडे बघत होते. गट होता, सहकार्य नव्हतं. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीचा मुद्दा असा की, मूल आज कुणाच्या तरी मदतीने जे करतं ते उद्या एकट्याने करू शकतं. म्हणून मदत नेमकी किती आणि ती केव्हा काढून घ्यायची, हे ठरवावं लागतं. बांधकाम झालं की परांची उतरवतात, तसं. आता माझ्या गटात रीत सांगणारं मूल पेन्सिल धरत नाही. लिहितं ते दुसरं मूल.

खुद्द ड्यूईने १९३८ मध्ये नव्या पद्धतीच्या शाळांना बजावलं होतं की सगळं शिक्षण अनुभवातून होतं म्हणून प्रत्येक अनुभव शिकवतोच असं नाही. नुसता गलबला आणि कागदकाम असलेल्या 'कृतियुक्त' तासानंतर मला हे आठवतं.

सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर प्रश्न विचारल्यावर थांबण्यापासून. मेरी बड रो या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात. ती वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद फळ्यासमोर गप्प उभं राहणं सुरुवातीला फार जड जातं. मी मनात आकडे मोजत असे.

दुसरं, पाठ टाचणाच्या, म्हणजे तासाच्या लेखी आखणीच्या, समासात दोन ओळींची जागा सोडा. मुलं इथे काय चुकतील आणि मी तेव्हा काय करेन, एवढंच तिथे लिहा. तासानंतर खरोखर काय झालं ते शेजारी. कोणता वाद आपल्या अंगवळणी पडलाय, ते या नोंदी वाचून कळतं. माझ्या पहिल्या वर्षाच्या नोंदींत 'पुन्हा समजावून सांगेन' हे जवळजवळ प्रत्येक पानावर आहे.

मुलाखतीत "तुमचं शैक्षणिक तत्त्वज्ञान काय?" असं हमखास विचारतात. तिथे व्याख्या म्हणून दाखवू नका. एखादं मूल काय चुकलं, तुम्ही काय केलंत आणि तेच का केलंत, ते सांगा. मी ०.३५ ची गोष्ट सांगते, आणि त्या मुलाचीही, ज्याला मी चुकून शाबासकी दिली होती.